मनीचं बाळंतपण

मनी तशी आमची नव्हेच. चिपळूणच्या आमच्या घरी मासे साफ करायच्या वेळेला मागच्या पडवीत बरोब्बर हजर व्हायची, एवढीच ओळख. पोट लोंबायला लागलं तेव्हा मी पडवीत एक खोका ठेवला, त्यात जुनं सुती लुगडं अंथरलं. बाईसाहेबांनी तो हुंगला आणि ऐन श्रावणाच्या तोंडावर माळ्यावर जाऊन, गणपतीच्या मखराच्या कापडात चार पिल्लं घातली.

"हात लावू नकोस हं, माणसाचा वास लागला की टाकते," सासूबाईंनी बजावलं. मी दिवसभर शिडीवरून नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिघं एकमेकांवर रचून झोपलेली आणि चौथं, करड्या रंगाचं, कोपऱ्यात एकटं. उचललं तर भिजल्या फडक्यासारखं गार. तोंडात बोट घातलं, ते आतूनही गार. मी घाबरून गाईचं दूध कोमट केलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि ड्रॉपरने थेंब सोडला. दूध नाकातून बाहेर आलं.

मग डॉक्टरांना फोन. ते आधी ओरडले, मग नीट सांगितलं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब द्या. पाजायची वेळ आलीच तर पालथं धरून पाजा, आणि गाईचं दूध नको, जुलाब होतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना अंगातली ऊब स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. आणि पाळलेली किंवा माणसाळलेली मांजर केवळ वासाने पिल्लं टाकत नाही, फक्त सारखं हाताळू नका.

बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. गरम पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलं, बाटली यांच्या मोज्यात घातली आणि पिल्लू तिला टेकवून पदराखाली धरलं. तासाभराने ते वळवळलं. मनीपाशी ठेवलं, सगळ्यात लठ्ठ भावाला जरा बाजूला सारला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडात आचळ आलं. इवल्या पंज्यांनी ते आईचं पोट मळायला लागलं आणि मी माळ्यावरच बसकण मारली.

केकसाठी घेतलेला वजनकाटा मग त्याच कामाला लागला. बाकीची 100 ग्रॅमच्या पुढे, करडं 78. रोज साधारण 10 ग्रॅम वाढायला हवं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी लिहीत गेले: 79, 80, आणि पाचव्या दिवशी एकदम 91. त्या दिवशी घरात शिरा झाला. कारण कुणी विचारलं नाही.

मनीला भूक तिप्पट. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, त्यामुळे मी दूधभातावर भागवायच्या विचारात होते. "बाळंतिणीला श्रावण नसतो," असं म्हणून सासूबाईंनी स्वतः पडवीत वेगळी चूल मांडली आणि बिनमिठाचे मासे उकडले. पहिले दोन दिवस ती पिल्लांपासून हलेना, म्हणून वाटी आणि पाणी माळ्यावरच पोचतं करायचं. आंथरूण मात्र स्वच्छ. तान्ह्या पिल्लांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई शेपटीखाली चाटते तेव्हाच होते, आणि तीच सगळं साफ करून टाकते.

नवव्या दिवशी गडग्यावर बोका दिसला. दुसऱ्या सकाळी मखर रिकामं! तांदळाच्या पिंपामागे तिघं सापडली, करडं तिच्या तोंडात लोंबकळत येत होतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सासूबाई बोटांवर मोजायला लागल्या. दुसरं घर यांच्या शर्टांचा कप्पा, तिसरं शिवणयंत्राखाली. तिथेच करड्याचे डोळे उघडले, निळे.

मखराचं कापड चतुर्थीआधी तीनदा धुतलं, तरी केस राहिलेच. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर त्यांना लस दिली, नंतर मनीचं ऑपरेशन उरकलं. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझं सगळं लक्ष गडग्याकडेच होतं. बोका अजून येतो. मासे साफ करायच्या वेळेला.