एक फाइल, दोन नावं

२१ तारखेची सकाळ आमच्याकडे जरा धाकधुकीचीच असते. आमच्या सॉफ्टवेअरवर गावोगावच्या दूध संस्थांची दहा-दहा दिवसांची बिलं निघतात आणि ११ ते २० चं बिल २१ ला हातात पडलं नाही तर पहिला फोन सचिवांना जातो, दुसरा आम्हाला. त्या दिवशी मात्र बिलं वेळेत निघाली होती. तरी साडेआठला कोल्हापूरकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"सायब, पावतीवर ३६ रुपये दर आणि बिलात ३४ धरलाय. माणसं दारात उभारल्यात. काय सांगू त्यास्नी?"

१६ तारखेच्या सकाळपासून गायीच्या दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला होता. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ३४ चे ३६. दूध घालताना मिळणाऱ्या पावतीवर नवा दर बरोबर छापला जात होता. बिलात मात्र वीस तारखेपर्यंत जुनाच. दिवसाला चाळीस लिटर घालणाऱ्याचे पाच दिवसांत चारशे रुपये कमी. असा माणूस दारात उभा राहणारच.

माझ्या लॅपटॉपवर तेच बिल काढलं, तर बरोबर! सर्व्हरवर काढलं, तर चूक. डेटाबेस तोच, कोड तोच. शेवटी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि बिल सुधारलं. पैसे अजून वाटले नव्हते, म्हणून सगळ्या संस्थांची बिलं नव्याने काढून दिली आणि सचिवांना सांगितलं, "जुनी फाडून टाका." साडेदहाला त्यांच्यापुरता विषय संपला.

माझा संपेना. रीस्टार्ट करून बरा होणारा आजार मला आवडत नाही. तो परत येतो.

आमचं सॉफ्टवेअर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे आणि त्या प्रोजेक्टमध्ये 'कॉमन' नावाचा फोल्डर आहे. घरातल्या माळ्यासारखा. ज्याला जागा सापडत नाही ते तिथे: तारखांचे फॉरमॅट, एसएमएस, रुपये अक्षरी करण्याचं फंक्शन आणि 'दर' हे मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या कोडला वापरता येणारी कोडची फाइल. ते सुरुवातीला दरपत्रक डेटाबेसमधून एका डिक्शनरीत, म्हणजे मेमरीतल्या तक्त्यात, भरून ठेवतं, आणि अ‍ॅडमिनने दर बदलला की तीच डिक्शनरी पुन्हा भरतं. पावतीचा कोड तिथून दर घेतो, बिलाचा कोडही तिथूनच. निदान माझी तशी समजूत होती.

दुपारी टेस्ट सर्व्हरवर 'दर'च्या पहिल्या ओळीत एक प्रिंट टाकला: मॉड्यूलचं स्वतःचं नाव छाप. पायथॉन मॉड्यूल एकदाच चालवतो आणि सिस डॉट मॉड्यूल्स या आपल्या यादीत ठेवून देतो. नंतर कितीही जणांनी इम्पोर्ट केलं, म्हणजे मागून घेतलं, तरी तेच परत देतो. म्हणजे एकच ओळ छापली जायला हवी होती. छापल्या गेल्या दोन. पहिली 'कॉमन डॉट दर'. दुसरी नुसतं 'दर'.

पाच मिनिटं मी त्या दोन ओळींकडे बघत बसलो.

सिस डॉट मॉड्यूल्स फाइल ओळखत नाही, नाव ओळखतं. डिस्कवर फाइल एकच, पण दोन नावांनी मागितली म्हणून दोनदा चालली आणि मेमरीत दोन मॉड्यूल झाली. प्रत्येकाची डिक्शनरी वेगळी. अ‍ॅडमिनने दर बदलला तो 'कॉमन डॉट दर'मध्ये. बिलाचा कोड विचारत होता 'दर'ला, आणि त्याला १६ तारखेची खबरच नव्हती. त्याच्याकडे शेवटचा दर होता तो त्याने पुढे लावला. लॅपटॉपवर प्रोग्राम दर वेळी नव्याने सुरू होतो, दोन्ही प्रती ताज्या भरतात, म्हणून तिथे सगळं छान. आणि आधीच्या दरवाढींच्या वेळी? त्याच आठवड्यात काही ना काही नवीन चढवताना सर्व्हर रीस्टार्ट झालेला. नशीब, दुसरं काय.

दुसरं नाव आलं कुठून, तेही सापडलं. बिलाचं काम पूर्वी रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी वेगळी स्क्रिप्ट करायची. तिच्या डोक्यावर एक ओळ: पायथॉन जिथे मॉड्यूल शोधतो त्या सिस डॉट पाथ यादीच्या सुरुवातीला 'कॉमन' फोल्डर घुसवा. त्यामुळे तिला नुसतं 'इम्पोर्ट दर' म्हणता यायचं. एकटी होती तोवर त्यात काही वावगं नव्हतं. नंतर ती मुख्य प्रोग्रामात आणली, ओळ तशीच राहिली. अशा ओळी ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधल्या तर नऊ निघाल्या.

सगळ्या काढल्या. कुठूनही पूर्ण नावाने मॉड्यूल सापडावं म्हणून पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल लिहिली, प्रोजेक्ट पिपने एडिटेबल इन्स्टॉल केला आणि नियम केला: नाव पूर्णच घ्यायचं. ओळी काढल्यावर दोन ठिकाणी सर्क्युलर इम्पोर्टचा (दोन मॉड्यूल एकमेकांना मागतात तेव्हाचा) एरर आला, कारण 'दर' एसएमएसला बोलवत होतं आणि एसएमएस 'दर'ला. दोन नावांमुळे ते भांडण आजवर झाकलं गेलं होतं. एसएमएसचा भाग 'दर'मधून बाहेर काढला, मिटलं.

शिवाय 'दर'च्या माथ्यावर पहारा बसवला: माझं नाव 'कॉमन डॉट दर' नसेल तर एरर फेकून थांब. एररचा मजकूर मराठीत लिहिला, "पूर्ण नावाने हाक मार."

आठवड्याने टीममधला नवा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "सर, मी काहीच इम्पोर्ट केलं नाहीये, फक्त दरची फाइल थेट रन केली. तरी ही मला ओरडतेय."

थेट चालवलेल्या फाइलचं नाव पायथॉन 'मेन' ठेवतो. तिसरं नाव. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मग दर तपासायचे कसे?" त्याने विचारलं. त्याला वेगळी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली, त्यात पूर्ण नावाने इम्पोर्ट. पहारा तसाच ठेवला.