आमची वाटचाल : आठ फुटांचं छत आणि काळी एकचा खर्ज

घरातली खोली गाण्या-वाजवण्याच्या रेकॉर्डिंगसाठी तयार करून देणं हा आमचा धंदा. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "स्क्वेअर फुटाला काय पडेल?" मी विचारतो, खोलीची उंची किती? की समोरचा गप्प. लांबी-रुंदी लोकांना पाठ असते, फ्लॅट घेताना तेवढीच सांगतात. उंचीचं कुणाला पडलेलं नसतं. मलाही एकदा नव्हतं, म्हणजे मोजली होती, पण तिचा हिशेब केला नव्हता, आणि तेवढ्यापायी आमचा धंदा बंद पडायचा बाकी राहिला होता. ती हकिकत पुण्यात बऱ्याच जणांनी ऐकलीय. एकानं ती फारच मीठमसाला लावून फिरवली. आता माझ्याकडून ऐका.

मी मूळचा साउंडवाला. लग्नं, गणपती, शाळेची गॅदरिंगं. टेम्पो, चार बॉक्स आणि दोन अॅम्प्लिफायर, एवढा संसार. २००९ साली चिंचवडच्या एका तबलजींनी बोलावलं. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. म्हणाले, "अरे, मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग करायचा कंटाळा आला. ही मागची खोली बघ, इथं काही होतं का." खोली दहा बाय दहा, स्लॅब साडेनऊ फुटांवर. या कामातल्या माणसाला आकडे ऐकूनच घाम फुटेल. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं, की खोली त्या बाजूनं कुठल्या सुराला घुमणार ते कळतं : लांबीचे ५६, रुंदीचेही ५६ आणि उंचीचे ५९ हर्ट्झ. तीन बाजू एकाच सुरात ओरडणार. खोली कसली, डबाच तो! तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. आमचे मिस्त्री म्हणाले, कोपरे भरून टाकू, कोपऱ्यातच सगळा घोळ असतो. हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे, पण बरोबर निघालं. चारी कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत पाइनच्या तिकोनी फ्रेमा, दोन-दोन फूट रुंद, आत ४८ डेन्सिटीच्या रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, लाद्या ठासून, वरून मांजरपाट. मांजरपाट स्वस्त म्हणून घेतला. पुढं कळलं की यापेक्षा चांगलं कापड शोधूनही मिळालं नसतं. आजही कापड घेताना मी ते तोंडाला लावून फुंकून बघतो. हवा पार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन लावून घेणारे आणि "दिसायला पॉश पाहिजे" म्हणणारे यांना माझा दुरूनच नमस्कार.

दादा खोलीत बसले, डग्ग्यावर एक घिस्सा घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "घुमारा माझा आहे. खोलीचा नाही." इतकी मोठी पावती मला पुन्हा कुणी दिली नाही.

हत्यारांबद्दल थोडं लिहितो, मुलं म्हणतात कंटाळवाणं होईल, होऊ दे. पाच मीटरचा टेप, ओळंबा, गुण्या, स्टेपल गन. लेझरचं मीटर नंतर आलं, पण कोपऱ्याचा काटकोन मी अजून वडिलांच्या गुण्यानंच बघतो, कारण बिल्डरच्या कोपऱ्यावर माझा विश्वास नाही. मेजरमेंटचा माईक दिसायला पेन्सिलीएवढा. तो मी चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ठेवतो, त्याला बरोबर बसतो. आधी दोन वर्षं तोही नव्हता, तेव्हा फुगे होते. सारसबागेबाहेरून डझनभर घ्यायचे, रिकाम्या खोलीत एकेक फोडायचा आणि रेकॉर्ड करून आवाजाचं शेपूट किती लांब जातं ते बघायचं. आता लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एक सूर, सोडला की खोलीची कुंडली समोर. फर्स्ट रिफ्लेक्शनला, म्हणजे स्पीकरचा आवाज भिंतीवर एकदाच आपटून कानाशी येतो ती जागा शोधायला, मात्र आरशाशिवाय दुसरं हत्यार नाही. एकानं ऐकायच्या जागी बसायचं, दुसऱ्यानं आरसा भिंतीला लावून सरकवायचा. आरशात स्पीकर दिसला की तिथं पेन्सिलीची खूण, तिथं आवाज शोषणारं पॅनल. आमचा आरसा मिस्त्रींचा दाढीचा.

२०११ मध्ये एक मुलगा हाताखाली आला. हुशार होता, नाही म्हणणार नाही. माईकचा स्टँड धरायचा, वहीत आकडे लिहायचा. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

२०१४ साली कोथरूडचं काम मिळालं. एक गवई, नाव असलेले. अकरा फूट सहा इंच बाय दहाची खोली, स्लॅब साडेनऊवर. वरच्या मजल्यावर एक आजी, त्यांचा खलबत्ता पहाटे साडेपाचपासून सुरू. गवयांची एकच अट : वरचं काही ऐकू यायला नको. मी दीड फूट खाली फॉल्स सीलिंग घेतलं, साडेबारा मिलिमीटरच्या जिप्समचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे, कडेनं सीलंट. खलबत्ता ऐकू येईना. भिंतींना पॅनल, कोपऱ्यांत ट्रॅप, म्हणजे त्याच तिकोनी फ्रेमा, दाराला रबर, खाली पट्टी. स्वीप घेतला तर आलेख असा सपाट की मी त्याचा फोटो काढून पाकिटात ठेवला.

तीन आठवड्यांनी गवयांचा फोन. "तुमच्या खोलीत माझा तानपुरा रेडा झालाय."

गेलो. खरंच. पंचम, जोड, जोड, सगळं ठीक, आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार छेडली की रेकॉर्डिंगमध्ये भोंगा. पुन्हा स्वीप घेतला. सपाट! मी म्हणालो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखालचा दोरा नीट बसलाय का ते, बघा. हे बोलायला नको होतं. जवारी चाळीस वर्षं स्वतः लावणाऱ्या माणसाला मी हे सांगत होतो. त्यांनी शांतपणे दार दाखवलं आणि राहिलेले पैसे थांबवले. त्यांच्या जागी मी असतो तर आधीचेही परत मागितले असते.

पुण्यात गाणारे-वाजवणारे एकमेकांना ओळखतात. महिनाभरात ठरलेली तीन कामं गेली. रॉकवूलवाल्याची उधारी अंगावर होती. टेम्पो विकला, अॅम्प्लिफायरही विकले. मिस्त्रींना म्हणालो, दुसरं काम बघा. ते उद्या बघतो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. आणि आमचा तो हुशार मुलगा त्याच महिन्यात निघून गेला. जाताना गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही गेली. सिंहगड रोडला त्याचं दुकान उघडलं, फोमचे पिरॅमिड, "एका दिवसात स्टुडिओ". आणि जिथं जाईल तिथं सांगायचा, कोथरूडला घुमतंय ना, मी सरांना तेव्हाच बोललो होतो.

बोलला नव्हता. त्या दिवसाचा कागद माझ्याकडे आहे. माईकच्या स्टँडची उंची त्याच्याच अक्षरात लिहिलीय : १.२ मी.

सगळी गोम त्या १.२ मध्येच होती, आणि ती सापडली दादांना. मीच त्यांना हात जोडून कोथरूडला घेऊन गेलो. गवयांनी दादांकडे बघून दार उघडलं, माझ्याकडे बघितलंही नाही. मी खुर्चीत बसून लॅपटॉप उघडला. दादा बैठकीवर मांडी घालून बसले, तानपुरा जवळ घेतला, खर्ज छेडला, मग मला म्हणाले, "खाली ये. माझ्याशेजारी बस. आता ऐक." खाली बसलो तर पोटात हादरे. उभा राहायला लागलो तसा तो आवाज पातळ झाला. खुर्चीच्या उंचीला डोकं आलं तेव्हा जवळजवळ नाहीसा. पुरतं उभं राहिलो तर पुन्हा आला.

हिशेब तिथंच भिंतीच्या कागदावर केला. छत आठ फुटांवर आणलं मी. ११३० भागिले सोळा, ७०.६ हर्ट्झ. गवयांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी, तिचा खर्ज ६९.३. म्हणजे जिप्समचे दोन थर ठोकून मी छत त्यांच्या तानपुऱ्याला लावून दिलं होतं! आणि अशी उभी लाट जमिनीशी आणि छताशी सगळ्यात जोरात, नेमकी मध्यावर मेलेली. आठ फुटांचा मध्य चार फूट. खुर्चीत बसलेल्याचा कान १.२ मीटरवर धरतात, म्हणजे तेच चार फूट. माझा माईक बरोबर मेलेल्या जागी उभा होता आणि मी आलेखाचा फोटो पाकिटात घेऊन फिरत होतो. गाणारा माणूस मात्र जमिनीवर बसतो, आणि तानपुऱ्याचा भोपळा तर जमिनीलाच टेकलेला. खुर्चीवर बसून गिटार वाजवणाऱ्यांसाठी लिहिलेले नियम मी बैठकीला लावले.

स्वतःच्या खर्चानं दुरुस्त केलं. छताचा मधला सहा बाय पाचचा तुकडा कापून काढला, वरच्या दीड फुटाच्या पोकळीत रॉकवूल भरली, खाली मांजरपाट ताणला. जमिनीपासून दोन फुटांवर माईक ठेवून स्वीप घेतला, भोंगा बसला होता. पण छत फोडल्यावर आजींचा खलबत्ता परत आला. मग वर गेलो, आजींना नमस्कार केला, खलबत्त्याखाली जाड रबरी मॅट आणि ओट्यापाशी सतरंजी घालून दिली. दोन हजारांच्या आत काम झालं. ठोक्याचा आवाज जिथं होतो तिथंच मारायचा असतो. हे आधी सुचलं असतं तर ते सीलिंगच लागलं नसतं. आजींनी वर चहा आणि शंकरपाळे दिले. गवयांनी उरलेले पैसे पाठवले, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पण त्यांचे दोन शिष्य पुढं माझ्याकडेच आले.

तेव्हापासून आमचा माईक तीन उंचींवर लागतो : बैठक, खुर्ची, उभा.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि व्हॉइसओव्हरवाल्यांचे फोन सुरू झाले, घरीच रेकॉर्ड करायचंय, काय करू? कुठं जाता येत नव्हतं. मी सांगायचो, कपड्यांचं कपाट उघडा, त्याच्या दारांवर गोधड्या टाका आणि पाठ गोधडीकडे करून बसा. एक पैसा घेतला नाही. हे शास्त्रच मुळात गाद्यांवर उभं राहिलंय. १८९५ पासून हार्वर्डचा सॅबाइन रात्री-अपरात्री एका सभागृहात शेजारच्या थिएटरच्या गाद्या नेऊन टाकायचा आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते घड्याळ लावून मोजायचा. गोधडीला हसू नका. मात्र गोधडी बोलण्याच्या आवाजाला पुरते, डग्ग्याला नाही.

तसाच फोमही पुरत नाही. सिंहगड रोडवाल्याचा पिरॅमिड दोन इंची, आणि ७० हर्ट्झच्या लाटेचा पाव भागच चार फुटांचा. दोन इंच तिच्या खिजगणतीतही नाहीत. तो फोम वरचा सगळा आवाज खातो, खालचा तसाच ठेवतो. खोली एकाच वेळी मेलेलीही आणि घुमणारीही. शिवाय पेटला तर भडकतो, धूर विषारी. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर मला विचारूच नका. आणि कुठलाही फोम शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज अडवत नाही. ते वजनाचं आणि फटींचं काम. नऊ इंची विटेची भिंत पन्नासेक डेसिबल अडवते, दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवा, ते सगळं तिशीच्या आत येतं. लोक पन्नास हजारांचा माईक घेतात आणि फटीला पायपुसणं लावतात. त्याचं दुकान जोरात चाललंय असं ऐकतो. चालू दे. त्याची तीन कामं मी उकलून पुन्हा केली आहेत, एवढंच लिहितो.

यंदा दादांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. खोली मोडायच्या आधी मी आणि मिस्त्रींचा मुलगा जाऊन २००९ चे कोपरे उतरवून आणले. फ्रेमा शाबूत, रॉकवूल कोरडी, एका ट्रॅपमागे पालीची अंडी तेवढी. नवी खोली दहा बाय बाराची आहे. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या, हलक्या, त्यांना आतून जिप्सम घ्यावं लागेल. छताला मी हात लावणार नाही. दादांनी स्वतः टेप लावून उंची कळवलीय, आणि पट्टीही.

फक्त कापड बदलायचं होतं. मांजरपाट आता पूर्वीसारखा मिळत नाही. लक्ष्मी रोडला चौथ्या दुकानात ठाण काढायला लावलं, टोक तोंडाला लावून फुंकलं, मग दुसरं, मग तिसरं. दुकानदार बराच वेळ बघत होता. म्हणाला, "काका, मास्क शिवायचेत का?"