बारकूचं हमी कार्ड

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता खिचडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, बारकूनं आज दोनदा घेतली. दुसऱ्या बारीची डब्यात भरली."

मला बरंच वाटलं. गेले तीन आठवडे ते लेकरू ताटात बोट फिरवत बसायचं. आजीसाठी नेत असेल असं समजून मी चव रजिस्टरवर सही केली आणि पहिली-दुसरीच्या वर्गात गेले. सुट्टीनंतर परत हजेरी घ्यायची पद्धत तेव्हा आमच्या शाळेत नव्हती.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात आमची वाडी आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, मी आणि एक सर असे दोघं शिक्षक. त्या जूनमध्ये पट 43 होता. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या यायला लागतात आणि गाव हळूहळू रिकामं होतं. नवराबायकोच्या जोडीला इकडं 'एक कोयता' म्हणतात. लग्न, दवाखाना, बोअर अशा कशासाठी तरी त्या कोयत्यानं मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फेडायला कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडात राहावं लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे तिथल्या झोपडीचे, बांबू, ताडपत्री, पिठाची पोती, शेळ्या आणि सगळ्यांच्या वर लेकरं.

लेकरं गेली की शाळाही जाते. म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप जातात, मूल आजीआजोबांकडं थांबतं. झोपायला घरी आणि जेवायला शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली. तरीही जे जातातच, त्यांच्या हातात आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तिथल्या शाळेला मूल कितवीत आहे, काय शिकलंय, हे त्या कार्डावरून कळतं. त्या वर्षी कार्डं वाटताना मी वर्गात म्हणाले होते, "हे दाखवलं की तुम्हाला कुणीही नाही म्हणणार नाही." बारकू त्याच वर्गात तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याला कार्ड मिळालं नव्हतं. तो मागं राहणाऱ्या 19 मुलांपैकी होता, पहिल्यांदाच राहत होता.

19 मुलं थांबली याचा आम्हाला फार आनंद झाला होता. आदल्या वर्षी आठच थांबली होती. घरोघर फिरून, आज्यांच्या पाया पडून आम्ही ती थांबवली होती.

तीनच्या सुमारास सर माझ्या वर्गाच्या दारात आले. "बारकू तुमच्याकडं आलाय का?" मुतारीत नव्हता, हापशावर नव्हता, मैदानात नव्हता. दप्तर जागेवर होतं. चौथीतल्या एका पोरीला पळत आजीकडं पाठवलं. ती एकटी परत आली नाही, तिच्या मागं आजी धापा टाकत आली. लेकरू घरी नव्हतंच.

गावात पोर हरवलं की सगळ्यात आधी लोक विहिरीकडं धावतात. आमच्या वाडीत शाळेच्या मागं कठडा नसलेली एक जुनी विहीर आहे. तिथं जमलेली माणसं बघून माझ्या पोटात गोळा आला. ती सगळी म्हातारी माणसं होती. काठ्या टेकत आलेले आजोबा, पदर तोंडाला लावलेल्या आज्या आणि आमची लेकरं. पाण्यात उतरेल असा धड माणूस गावात नव्हता. उतरणारे सगळे दोन-तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत होते. शेवटी साठी ओलांडलेल्या एका आजोबांनी धोतराचा काचा मारला, कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला आणि सरांनी नि तिघा म्हाताऱ्यांनी त्यांना आत सोडलं. मी सोलाचं टोक धरून उभी होते. आजोबांनी तळापर्यंत बांबू फिरवला. "न्हाई इथं," असं खालून ओरडले, तेव्हा आजी मटकन खाली बसली.

त्याच वेळी सरांचा फोन वाजला. फाट्यावरचा चहाच्या हॉटेलवाला होता. "सर, तुमच्या शाळेचं एक लेकरू माझ्याकडं बसवून ठेवलंय. लेकराला काही धक्का नाही. निवांत या."

फाटा शाळेपासून साडेतीन किलोमीटर. सरांच्या गाडीवर मागं बसून गेले. बारकू बाकड्यावर बसला होता, समोर बिस्किटाचा पुडा, मांडीवर खिचडीचा डबा. उसाच्या कामाला निघालेल्या एका ट्रॅक्टरला त्यानं हात केला होता. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं विचारलं, कुठं जायचंय? हा म्हणाला, कारखान्याला. कोणत्या? ते सांगता येईना. मग यानं खिशातून कागद काढून दाखवला. ड्रायव्हरनं तो वाचला, लेकराला उचलून हॉटेलवर आणून बसवलं आणि शर्टावरच्या शाळेच्या बिल्ल्यावरून कुणाला फोन करायचा ते हॉटेलवाल्याला सांगितलं. आम्ही पोचायच्या आत तो निघून गेला होता. मला त्या ड्रायव्हरला एकदा भेटायचं होतं.

तो कागद अजून माझ्याकडं आहे. चित्रकलेच्या वहीचं पान आडवं फाडून चौकोनी कापलेलं. वर निळ्या पेनानं 'शिक्षन हमी कारड'. खाली रेघा मारून रकाने, अगदी खऱ्या कार्डासारखे. शेजारच्या मुलाचं बघून केले असणार. नाव, इयत्ता, शाळेचं नाव, सगळं नीट भरलेलं. उजव्या कोपऱ्यात शाळेचा शिक्का. बांगडी ठेवून गोल काढलेला, आत जांभळ्या खडूनं रंगवलेला, कारण आमच्या शाईपॅडचा रंग जांभळा आहे. त्याखाली माझी सही, माझ्या वळणाची. आणि 'स्थलांतराचे ठिकाण' या रकान्यात एकच शब्द होता, 'कारखाना'.

"मॅडम, तुमीच म्हन्ल्या व्हत्या ना," तो म्हणाला, "हे दाखवलं की कुनी नाही म्हनत नाही." आवाजात तक्रार नव्हती. तो मला खरंच विचारत होता की त्या माणसानं मग 'नाही' का म्हटलं.

मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला जवळ घेतलं तर त्यानं आधी डबा बाजूला ठेवला, सांडू नये म्हणून. आईसाठी होता तो.

खरं काय झालं होतं ते संध्याकाळी आजीकडून कळलं. वसतिगृहाचं जेवण आटोपलं होतं, लेकरं पांगली होती, आजी शाळेच्या ओट्यावर बसून राहिली होती. म्हणाली, "बाई, ह्ये लेकरू रातच्याला झोपतच न्हाई. डोळे ताणून आढ्याकडं बघत पडतंय. मी म्हन्लं झोप रं. तर म्हनतंय, झोपलं की मानसं जात्यात."

पुढचं आजीनं सांगायची गरज नव्हती. गाड्या रात्री दोन वाजता निघाल्या होत्या. निघायच्या आधीच्या पालकसभेत विषय निघाला होता की लेकरं ट्रॉलीमागं धावतात, रडून गोंधळ घालतात. कुणीतरी म्हणालं, झोपेत असतानाच निघू. आणि मी मान हलवली होती. "तेच बरं, त्यांना त्रास कमी होईल," असंही म्हणाले होते. माझेच शब्द आहेत.

तीन आठवडे बारकू वर्गात पेंगत होता. दोनदा मी त्याला उभं केलं होतं, एकदा तोंड धुऊन यायला पाठवलं होतं. प्राथमिकच्या मुलाच्या पोटात दुपारच्या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, हे मला पाठ आहे. किती तांदूळ शिजला, किती ताटं वाढली, हे रोज लिहून कळवावं लागतं आणि मी ते कधी चुकवलेलं नाही. ते मूल झोपतंय का, हा प्रश्न मात्र माझ्या मनात एकदाही आला नव्हता, आजीलाही मी तो विचारला नव्हता. थांबवलेल्या मुलांचा आकडा मोठा झाला यातच मी खूश होते. लेकरांना फडावर नेऊ नये, हे मी आजही ठामपणे म्हणते. कोपीत, पाचटात, थंडीत त्यांचे काय हाल होतात ते मी जाऊन बघितलं आहे. पण मूल थांबवलं म्हणजे आपलं काम झालं, असं मी धरून चालले होते.

त्या रात्री साडेआठला फोन लागला. दिवसा लागत नाही. पहाटे फडात गेलेली माणसं गाडी भरूनच कोपीवर येतात. आईला मी सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, बारकूला बोलायचंय. पलीकडून ती "जेवलास का रं" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. हा गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आये, तू कंच्या कारखान्याला हायेस?" तिनं नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडं हात पुढं करून पेन मागितलं, 'कारखाना'च्या पुढं ते नाव लिहिलं आणि मग तिला सांगायला लागला की शेळी व्याली, दोन करडं झाली, एक पांढरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहाच्या जेवणानंतर फोन लावायचं सुरू झालं, माझा आणि सरांचा असे दोन मोबाईल, एका दिवशी चार-पाच लेकरं. रात्रीच्या जेवणाला आज्यांनीही येऊन बसायचं ठरलं. त्यांच्या ताटाला योजनेत तरतूद नाही, त्या घरून भाकरी बांधून आणतात. लेकरं कुणाचं कोण हे न बघता कुणाच्याही मांडीवर आडवी होतात. विहिरीला समितीनं जाळी बसवली.

आणि पुढच्या दसऱ्यानंतर मी मुकादमांशी भांडले. तसं म्हणायला हरकत नाही. रात्री निघणं त्यांच्या सोयीचं असतं. शेवटी चारपैकी तीन गाड्या दिवसा निघायला तयार झाल्या. परिपाठ झाल्यावर आम्ही सगळी शाळा घेऊन वेशीपर्यंत गेलो. मागं राहणाऱ्या प्रत्येक लेकराच्या वहीत आईबापाच्या कारखान्याचं नाव, गाव आणि तालुका लिहिलेला होता. लेकरं रडली, खूप रडली. दोघं ट्रॉलीमागं धावलीही. चौथीतला बारकू धावला नाही. आईनं ट्रॉलीतून वाकून त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तो तसाच रस्त्यात उभा राहिला, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी आजीच्या दारात गेले. "झोपला का रात्री?"

आजी चुलीवरचं आधण उतरवत होती. म्हणाली, "पहाटं झोपला बाई. अजून झोपलेलाच हाय. आज उशिरा आला तर बोलू नका त्याला."