मंडई ते आगाखान पॅलेस: तीन घरं, एक दिवस

मंडईच्या मेट्रो स्टेशनातून वर आलं की ती मनोऱ्याची दगडी इमारत दिसते. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला ‘रे मार्केट’ म्हणत. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, तेव्हा बाजारावरच्या या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला द्या, हे त्यांचं म्हणणं. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे. साताऱ्याहून आलेल्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘विरोध करणाऱ्याचं नाव देऊन टाकलं की विषय मिटतो, पुण्याचं बरंय बाबा.’’

पाहुण्यांना शनिवारवाडा, दगडूशेठ आणि सारसबाग दाखवून झालेले असतात. या वेळी आत्याची अट होती की ‘‘माणसं जिथं राहिली ती घरं दाखव.’’ सोबत ताईची मुलगी, दहावीतली, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला आधीच कंटाळलेली. म्हणून ठरवलं, सकाळी फुले वाडा, मग केळकर संग्रहालय, दुपारनंतर आगाखान पॅलेस. तिन्ही घरं एका दिवसात होतात. पण केळकर संग्रहालयाला न्याय मिळत नाही, हे आधीच सांगतो.

फुले वाडा

मंडईपासून गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. गुडघे दुखत असतील तर सरळ रिक्षा करा आणि ‘फुले वाडा, समता भूमी’ असं सांगा. नुसतं ‘फुले स्मारक’ म्हटलंत तर गोंधळ होईल, कारण जवळच सावित्रीबाईंचंही स्मारक आहे. चारचाकी मात्र अजिबात नेऊ नका. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना उभ्या दुचाकी, त्यात एखादा टेम्पो माल उतरवत असतोच.

‘वाडा’ म्हटल्यावर भाचीच्या डोळ्यांसमोर भलामोठा दिंडीदरवाजा होता. प्रत्यक्षात हे कौलारू, बसकं, साधं घर आहे. अंगण, काही खोल्या, भिंतींवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले. वापरातल्या वस्तू बघायला मिळतील या आशेने येणारे दहा मिनिटांत बाहेर पडतात. आमच्यासमोरच एक कुटुंब आलं, अंगणात सेल्फी काढला आणि गेलं. त्यांना दोष देत नाही. वस्तू नसलेलं घर बघायचं तर आधी थोडं वाचून यावं लागतं, आणि तिथले फलक ते काम पुरतं करत नाहीत.

म्हणून काय माहीत असावं ते सांगतो. पहिली गोष्ट विहिरीची. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुलं केलं. सभेत भाषण करणं वेगळं आणि स्वतःच्या परसातल्या पाण्यावर सगळ्यांना येऊ देणं वेगळं. तेही या दाट वस्तीत, जिथे कोण कुणाच्या घरी पाणी भरतंय हे पेठेला लगेच कळायचं. विहिरीजवळ उभं राहून आजूबाजूची घरं किती लागून आहेत ते बघा.

दुसरी गोष्ट बाळंतपणांची. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं, मूल मारावं लागू नये, म्हणून या दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

तिसरी गोष्ट तुळशीवृंदावनाची. जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला जाळू नका, मिठात पुरा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही, दहनच करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे नेतात ते मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः हाती घेतलं. अस्थी घरी आणल्या आणि घरामागे ठेवल्या, तिथे हे वृंदावन आहे. इतका वेळ ‘‘किती वेळ थांबायचंय?’’ विचारणारी भाची इथे गप्प झाली. नंतर तिने विचारलं, ‘‘मामा, हे पुस्तकात का नाही?’’ आत्याने तिला सांगितलं की फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. आडनाव खरं गोऱ्हे, फुलांच्या धंद्यामुळे फुले झालं. मग आत्याला गावचा अभिमान चढला, तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही.

२८ नोव्हेंबर, ११ एप्रिल आणि ३ जानेवारी या दिवशी इथे मोठी गर्दी असते. अभिवादनाला यायचं तर हेच दिवस उत्तम, घर नीट बघायचं तर हे सोडून कुठलाही दिवस, तोही सकाळी. समाधीचं ठिकाण आहे, चपला काढाव्या लागतात. दुपारी फरशी चांगलीच तापते, मोजे घालून या.

केळकर संग्रहालय

बाजीराव रस्त्यालगत नातूबागेजवळ. तिथून मंडई चालत दोन पावलांवर, त्यामुळे न्याहारी मंडईत उरकून इथे यावं. सकाळी दहाच्या सुमारास उघडतं.

चष्म्याचा व्यवसाय करणारे, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर हे याचे कर्ते. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या आसपास वस्तू राज्य सरकारच्या हवाली केल्या. त्यातला थोडाच भाग मांडलेला आहे. तरी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कोरीव दारं, वाद्यं बघता बघता पाय बोलायला लागतात. आत्या वज्रींच्या कपाटापुढून हलेना. पाय घासायच्या वज्रीवर मोर, हत्ती, घोडे! ‘‘टाचा घासायलासुद्धा एवढी नक्षी, आणि आम्ही दगडाने घासायचो.’’

माझं मत असं की घाई असेल तर तळमजल्यावर सगळं बघत बसू नका. एकच ठरवा. दिवे म्हणजे दिवे, स्वयंपाकघर म्हणजे स्वयंपाकघर, आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल. बाकी पुढच्या खेपेला. जिने चढावे लागतात, ज्येष्ठांना मध्ये बसवत न्या. फोटोचं आधी तिकीट खिडकीवर विचारा.

आगाखान पॅलेस

मंडईहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं, तिथे वनाज-रामवाडी मार्गाची गाडी धरायची आणि कल्याणीनगरला उतरायचं. ही मेट्रो नगर रस्त्याने सरळ जायची होती. पॅलेस संरक्षित स्मारक असल्याने तिला कल्याणीनगरातून वळवली, म्हणून ती पॅलेसच्या दारात थांबत नाही. स्टेशनवरून रिक्षा करा. उन्हात नगर रस्त्याच्या कडेने चालण्यात काही अर्थ नाही, आणि तो रस्ता ओलांडणं हा वेगळाच पराक्रम.

संध्याकाळी साडेपाचपर्यंतच प्रवेश धरून चला. चार वाजता पोचलात तर मागची समाधी गडबडीत बघाल, तीनच्या आत पोचा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, भारतीयांना अगदी किरकोळ. मोबाइलवरून काढलं तर रांग वाचते.

कमानी, सज्जे, रुंद ओसऱ्या, भोवती हिरवळ. सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी १८९२ मध्ये हे बांधलं, दुष्काळात लोकांना काम मिळावं हा हेतू सांगितला जातो. बाहेरून फार देखणं, त्यामुळे लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी दिसतातच. आत गेल्यावर मात्र ध्यानात ठेवायचं की हा तुरुंग होता.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. गाडी चिंचवडला थांबवून त्यांना मोटारीने इथे आणलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, मीराबेन, सरोजिनी नायडू बरोबर होत्या. कस्तुरबा आणि सुशीला नायर मागोमाग आल्या. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. वय पन्नास. पुढे याच तारखेला स्वातंत्र्य आलं, ते बघायला ते नव्हते. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी इथेच एकवीस दिवसांचा उपास केला. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले.

हा क्रम डोक्यात असला की दालनं नीट लागतात. नसला तर तैलचित्रं आणि पुतळे बघत नुसतं फिरणं होतं. आम्ही बघितलं त्या क्रमात फलक पुढे-मागे होते, शिवाय मराठी मजकूर बारीक अक्षरात. आत्याला मी वाचून दाखवत होतो, तर दोन अनोळखी आज्जीबाई येऊन ऐकायला उभ्या राहिल्या. खात्याने मोठ्या अक्षराचे फलक लावावेत, एवढं तरी व्हावं.

सगळ्यात थांबावं असं ठिकाण म्हणजे ती राहण्याची खोली. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायची. भांडी, चपला, कपडे अशा मोजक्या वस्तू. एवढ्या उंच छताखाली त्या फारच थोड्या वाटतात. आत्या तिथे म्हणाली, ‘‘महालात ठेवलं तरी बाईला स्वतःच्या घरी जाऊन मरता आलं नाही.’’ कस्तुरबांच्या शेवटच्या आजारात मुलगा देवदास पेनिसिलिनचा आग्रह धरत होता, गांधीजी राजी झाले नाहीत. हे सांगितल्यावर भाची चिडली, आत्या म्हणाली, त्या वयात तिला सुया टोचून काय मिळणार होतं? दोघींचं भांडण समाधीपर्यंत चाललं. मी मध्ये पडलो नाही. घर बघायला आल्यावर असं भांडण व्हायलाच हवं, असं माझं मत.

समाधी इमारतीच्या मागे आहेत, आणि बरेच जण तिथे जातच नाहीत. पुढची बाग आणि फोटो झाले की परत. तुम्ही आधी मागे जा. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाधी शेजारी शेजारी आहेत, रचना चार्ल्स कोरिया यांची. दोघांचं दहन याच आवारात झालं. महादेवभाईंना दहन दिलं त्या जागी गांधीजी रोज फुलं वाहायला येत. गांधीजींच्या रक्षेचा काही भागही इथे ठेवलेला आहे. १९६९ साली प्रिन्स करीम आगाखान यांनी ही वास्तू देशाला दिली, २००३ पासून ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे.

जाणाऱ्यांसाठी

रविवार टाळा, पॅलेसच्या बागेत सहली आलेल्या असतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला केळकर संग्रहालय बंद असतं. पावसाळ्यात फुले वाड्याच्या अंगणात शेवाळ धरतं, चप्पल काढल्यावर जपून. पाण्याची बाटली, टोपी आणि मोबाइलचा चार्जर घ्या, पॅलेसच्या आसपास जेवणाची सोय शोधत बसावं लागतं. जेवण मंडईच्या बाजूलाच आटपून मेट्रोत बसा. परतीला पाचनंतर नगर रस्त्यावर रिक्षा मिळायला वेळ लागतो, मीटरला तयार होणारी तर फारच. त्यामुळे आधी ॲपवर बोलावून ठेवा किंवा कल्याणीनगर स्टेशनपर्यंत चालत जा. पायऱ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी मेट्रो स्टेशनात लिफ्ट आहे, जिल्हा न्यायालयाच्या अदलाबदलीत मात्र बरंच चालावं लागतं. आत्याला तिथे एकदा बसवून मगच पुढे निघालो. डिसेंबरमध्ये ती परत येणार आहे, फक्त वज्रींसाठी.