तुम्ही विचारलेत म्हणून: बाँडपटांचे पार्श्वसंगीत, सरस आणि सुमार

माझ्या संग्रहात बाँडपटांच्या ध्वनिमुद्रिका आहेत हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: यांतले सर्वांत चांगले संगीत कोणते आणि सर्वांत वाईट कोणते? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा गाणी असतात. शर्ली बॅसी श्रेष्ठ की अडेल, पॉल मॅकार्टनी की ड्युरॅन ड्युरॅन, हा वाद रंगतोही छान. परंतु शीर्षकगीत तीन-चार मिनिटांत संपते आणि चित्रपट पुढे दोन तास चालतो. त्या दोन तासांत वाद्यवृंद काय करतो, हा मला खरा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्याजोगे नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आधी माझी फूटपट्टी सांगायला हवी. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत मूळ निर्मितीसंस्थेचे २५ चित्रपट झाले आणि मी तेवढेच विचारात घेतो. प्रत्येक वेळी मी दोन गोष्टी पाहतो. शीर्षकगीताची चाल चित्रपटात मुरते की श्रेयनामावली संपताच दाराबाहेर राहते, ही पहिली. बाँडची ती जगप्रसिद्ध मूळ धून संगीतकार किती जपून वापरतो, ही दुसरी.

त्या मूळ धुनेविषयी थोडे बोललेच पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्या आधाराने उभे आहे. घरात पेटी असेल तर वाजवून पाहा: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत. अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढून मागे येणारी ही चार स्वरांची पायरी खाली अखंड फिरत राहते आणि तिच्यावर गिटार षड्ज, रिषभ, कोमल गंधार एवढ्याच परिसरात घुटमळते. शेवटच्या स्वरमेळात कोमल गंधाराच्या जोडीला शुद्ध निषाद आणि शुद्ध रिषभ येतात, त्यामुळे धून थांबते पण मनात मिटत नाही. धोका आणि ऐट या दोन्ही भावना एकाच वेळी उभ्या करण्याची तिची ताकद मला या अपुरेपणात दिसते. मॉन्टी नॉर्मन यांनी ही चाल आधी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील नियोजित संगीतिकेसाठी, त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या पात्राच्या तोंडी घालायला बांधली होती. ती संगीतिका रंगभूमीवर आलीच नाही आणि चाल बाँडला मिळाली. जॉन बॅरी यांनी तिची वाद्यरचना केली, व्हिक फ्लिक यांनी गिटार वाजवली आणि श्रेय कोणाचे यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात एका वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा दावा नॉर्मन यांनी जिंकला. माझ्या कानाला चाल नॉर्मन यांची आणि तिचा रुबाब बॅरी यांचा वाटतो.

आता पहिला क्रमांक. तो मी कोणतीही घासाघीस न करता १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ला देतो. एवढे लांबलचक, सरकारी शिक्क्यासारखे नाव गाण्यात बसवले तर ते हास्य-ऑपेराच्या वळणावर जाईल, असे बॅरी यांचे मत होते, म्हणून त्यांनी शीर्षकासाठी शब्दांविनाच धून रचली. तिच्या तळाशी मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा खर्ज आहे. हे वाद्य तेव्हा अगदी नवे होते आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याला असे भार वाहायला लावणे धाडसाचे होते. हा खर्ज एकेक पायरी उतरत जातो, तळाशी पोहोचला की पुन्हा वर जाऊन उतरू लागतो.

चित्रपटाच्या मध्यावर स्वित्झर्लंडमधील डोंगरमाथ्यावरून रात्री बाँड बर्फावर घसरत निसटतो आणि शत्रूची माणसे मागे लागतात. तेथे हीच धून सुरू होते. उतरणारा खर्ज आणि समोरचा उतार यांचा इतका घट्ट मेळ बसतो की श्रेयनामावलीत ऐकलेली धून मुळात याच क्षणासाठी घडवली होती हे तेव्हा उमगते. पितळी वाद्ये बाँड वळण घेईल तसा झटका देत नाहीत, ती आपल्या गतीने चालतात आणि प्रसंगाला आपल्यामागे ओढून नेतात. पाठलागाच्या संगीतात मला हाच गुण सर्वांत मोठा वाटतो. पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीला दाद देत बसणारे संगीत दुसऱ्यांदा पाहताना थकवते.

याच चित्रपटात लुई आर्मस्ट्राँग यांचे गाणे आहे. हॅल डेव्हिड यांनी इयान फ्लेमिंग यांच्या मूळ कादंबरीतील एका वाक्यावरून त्याचे शब्द रचले: आपल्याजवळ जगातला सगळा वेळ आहे. आर्मस्ट्राँग तेव्हा आजारी होते आणि १९७१ मध्ये ते गेले. बाँड आणि ट्रेसी यांच्या प्रेमाच्या दृश्यांवर हे गाणे पूर्ण वाजते आणि शेवटी, लग्नानंतर काही वेळातच ट्रेसीला गोळी लागते तेव्हा, तीच चाल शब्दांविना हळू वाजते. प्रेक्षकाला शब्द आधीच पाठ झालेले असल्याने ते गाण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर लगेच मूळ धून मोठ्याने आदळते, ती मला आजही खटकते. अशा शेवटानंतर श्रेयनामावली शांततेतच जाऊ द्यायला हवी होती. हा एवढा दोष धरूनही माझा पहिला क्रमांक हलत नाही.

दुसरा ‘गोल्डफिंगर’, १९६४. लष्करी सेवेत सायप्रसला असताना बॅरी यांनी पत्राद्वारे जॅझ वाद्यरचना शिकून घेतली होती. त्यांचे शिक्षक बिल रूसो हे स्टॅन केंटन यांच्या वाद्यवृंदासाठी रचना करणारे. केंटन यांच्या ताफ्यातील ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनचा तो रासवट आवाज ‘गोल्डफिंगर’मध्ये पुरेपूर उतरला आहे. बॅसी यांच्या गाण्याची चाल साऱ्या चित्रपटात खलनायकाची सावली होऊन फिरते. मात्र मी ज्यासाठी ही ध्वनिमुद्रिका वारंवार लावतो तो भाग फोर्ट नॉक्सवरील हल्ल्याचा. विमाने विषारी वायू फवारत जातात, खाली सैनिक रांगेने कोसळतात आणि बॅरी एक साधी लष्करी कूच वाजवत राहतात, ताशासारख्या ढोलांच्या ठेक्यावर, एकेक वाद्य वाढवत, कोठेही घाई न करता. भीती या संथपणातून येते. ही ध्वनिमुद्रिका १९६५ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानावर गेली, ही गोष्ट पार्श्वसंगीताच्या बाबतीत दुर्मीळच.

तिसऱ्या क्रमांकावर मी १९८७ चा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ ठेवतो तेव्हा ऐकणारे चकित होतात. बॅरी यांचा हा अकरावा आणि शेवटचा बाँडपट, आणि माझी पहिली कसोटी यासारखी क्वचितच कोणी पार केली असेल. यात तीन गाणी आहेत आणि तिन्हींच्या चाली पार्श्वसंगीतात काम करतात. नेक्रोस नावाचा मारेकरी कानाला वॉकमन लावून प्रिटेंडर्स या गटाचे गाणे ऐकत फिरतो. प्रथम ते कानातून झिरपणारे, बारीक, पत्र्यासारखे ऐकू येते. पुढे तीच चाल ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन पूर्ण ताकदीने वाजवू लागतात, आणि त्यानंतर नेक्रोस पडद्यावर दिसण्यापूर्वीच आपण सावरून बसतो. खाली यंत्राने वाजवलेले ठेके आहेत. ते काळाच्या ओघात जुने वाटतील असे अनेकांनी म्हटले होते, पण वरच्या चाली भक्कम असल्याने ते निभावले. शेवटच्या संगीतसभेत स्वतः बॅरी वाद्यवृंदाचे संचालन करताना दिसतात.

चौथा, २००६ चा ‘कसीनो रॉयाल’. डेव्हिड अर्नोल्ड यांचे नाव बॅरी यांनीच सुचवले होते आणि त्यांच्या पाच बाँडपटांत हा सर्वांत संयमी आहे. बाँड अजून बाँड झालेला नाही, म्हणून त्याला त्याची धून द्यायची नाही, असा निर्णय अर्नोल्ड यांनी घेतला. त्याऐवजी क्रिस कॉर्नेल यांच्याबरोबर बांधलेल्या शीर्षकगीताची चाल नायकाच्या पाठीशी उभी राहते. नवा डिनर जॅकेट घालून तो आरशात पाहतो तेव्हा मूळ धुनेची चाहूल लागते, पुरी होत नाही. अगदी अखेरीस तो स्वतःचे नाव उच्चारतो आणि तेव्हा कोठे गिटार सुरू होते. ‘डॉ. नो’मध्ये हीच धून बाँड विमानतळावरून चालत निघाला तरी वाजते. ४४ वर्षांनी कोणीतरी तिला तिची किंमत परत दिली.

मधल्या फळीविषयी फार लिहीत नाही. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ वरच्या अंगाला, ‘मूनरेकर’ही तेथेच, त्याच्या विस्तीर्ण तंतुवाद्यांसाठी. मार्व्हिन हॅम्लिश यांच्या १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’चे गाणे अव्वल आहे आणि आरंभी कड्यावरून उडी घेतल्यानंतर संगीत थांबवून केवळ शांतता ठेवण्याचा निर्णयही अव्वल आहे. पॅराशूट उघडते आणि मूळ धून येते, हा क्षण कधीच शिळा होत नाही. उरलेल्या संगीतावर मात्र त्या वर्षांतील डिस्कोचा फार मोठा पगडा आहे. तरीही ऑस्करच्या पार्श्वसंगीत विभागात बाँडपटाला पहिले नामांकन याच चित्रपटाने मिळवून दिले. बॅरी यांनी इतर चित्रपटांसाठी पाच ऑस्कर जिंकले, पण बाँडसाठी त्यांना एकही नामांकन मिळाले नाही. हा अन्याय मला आजही सलतो.

‘ऑक्टोपसी’ आपल्याकडे उदयपूरला चित्रित झाला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात आहेत, म्हणून तो वर असावा अशी अपेक्षा पुष्कळजण बोलून दाखवतात. गारुड्याच्या वेशातील अमृतराज पुंगीवर बाँडचीच धून वाजवून ओळख पटवतात, ती युक्ती मला मनापासून आवडते. त्रिनिदादमधल्या बिस्वासच्या घरासाठी बांधलेली चाल २१ वर्षांनी उदयपूरच्या घाटावर पोहोचली असे मी त्याकडे पाहतो. संपूर्ण संगीताचा विचार करता मात्र तो मधल्या फळीतच बसतो.

आता तळ. १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’वर बॅरी स्वतःच नाराज होते. घाईत झालेल्या या कामात एक गोष्ट अक्षम्य आहे. थायलंडमधील तुटक्या पुलावरून मोटार हवेत पूर्ण गोल फिरून पलीकडे चाकांवर उतरते. संगणकावर गणिते मांडून आखलेली ही करामत पहिल्याच प्रयत्नात साधली होती. तिच्यावर घसरत्या शिट्टीचा विदूषकी आवाज घातला आहे. शिट्टी काढून टाकली तर ते दृश्य मालिकेतील सर्वोत्तम धाडसदृश्यांत गणले जाईल.

बहुतेक रसिक तळाला १९९५ चा ‘गोल्डनआय’ ठेवतात. एरिक सेरा यांनी वाद्यवृंद बाजूला सारून यांत्रिक, धातूचे घण पडावेत तसे आवाज वापरले आणि मूळ धून नगाऱ्यांच्या ठोक्यांतून वाजवली. बोनो आणि द एज यांनी रचलेले, टीना टर्नर यांचे गाणे वेगळीकडे तयार झाले आणि त्याची चाल चित्रपटात शिरलीच नाही, म्हणजे माझ्या पहिल्या कसोटीवर तो सरळ नापास होतो. सेंट पीटर्सबर्गमधील रणगाड्याच्या पाठलागाचे त्यांचे संगीत निर्मात्यांनी बदलले आणि जॉन आल्टमन यांनी नेहमीच्या थाटात ते नव्याने लिहिले. आल्टमन यांचाच भाग चित्रपटाला शोभतो, हे मान्य. तरीही सोव्हिएत पुतळ्यांच्या भंगारातील दृश्यात सेरा यांचे थंड, पोकळ ध्वनी जे करतात ते वाद्यवृंदाला जमले नसते. सेरा यांनी काहीतरी शोधण्याचा प्रयत्न केला, म्हणून मी त्यांना तळाशी टाकत नाही.

तळाशी माझ्या मते २०१५ चा ‘स्पेक्टर’ आहे. थॉमस न्यूमन हे थोर संगीतकार आहेत आणि त्यांच्या ‘स्कायफॉल’ला नामांकन योग्यच मिळाले, जरी तेथेही अडेल यांच्या गाण्याची चाल मकावच्या कसीनोतील एका प्रवेशापुरतीच आली. ‘स्पेक्टर’चा मेक्सिकोतील आरंभ, त्यातले ढोल आणि न तुटणारे लांब दृश्य, हे सारे उत्तम आहे. त्यानंतर मात्र अनेक ठिकाणी ‘स्कायफॉल’मधील संगीताचे तुकडे जवळजवळ तसेच्या तसे वाजू लागतात. आधीच्या चित्रपटात बाँडची वरिष्ठ अधिकारी एम. हिच्या आणि बाँडच्या जुन्या घराच्या प्रसंगांतून त्या संगीताला जो अर्थ आला होता, तो येथे नाही. सॅम स्मिथ यांच्या गाण्याला ऑस्कर मिळाला, पण त्याची चाल दोन-चार ठिकाणी डोकावून जाते, मुरत नाही. चुकीचे संगीत मी सहन करू शकतो. पैसा, वेळ आणि प्रतिभा हाताशी असताना मागच्या चित्रपटाचे संगीत पुढच्याला चढवणे मला सहन होत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ‘नो टाइम टू डाय’चे काय? तेथे हान्स झिमर यांनीही जुनेच संगीत आणले, १९६९ चे. फरक असा की त्यांनी ते पटकथेच्या गरजेने आणले. इटलीतील मतेरा शहरात आर्मस्ट्राँग यांच्या गाण्याची चाल ऐकू येते, तेव्हा जुन्या प्रेक्षकाला पुढच्या अनर्थाची कल्पना येते, आणि अखेरीस आर्मस्ट्राँग यांचा आवाजच ऐकू येतो. बिली आयलिश यांच्या गाण्याची चालही मध्ये मध्ये नीट गुंफली आहे. झिमर यांच्या स्वतःच्या नव्या चालींपैकी फारशी एकही मागे रेंगाळत नाही, म्हणून मी त्याला वरच्या पाचांत घेत नाही. सहावा म्हणायला माझी हरकत नाही.