लाल फुली

"मावशी, हे खरंच चूक आहे का गं?" मैत्रिणीच्या पाचवीतल्या लेकीनं वही पुढे केली. 'सेट'पुढे तिनं लिहिलेलं, मावळणे. त्यावर लाल फुली, शेजारी 'संच'.

'द सन सेट्स इन द वेस्ट' हे तिनं धड्यात वाचलं होतं, त्यावरून स्वतः अर्थ लावला होता. घरात कुणाला इंग्रजी येत नाही.

सोलापुरात टॉवेलचा सेट म्हणजे संचच, कबूल. पण दही लागतं तेही सेट, मोडलेलं हाड बसवतात तेही सेट. १९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या शब्दाचे ४३० अर्थ आहेत.

फुली मारण्याआधी, "बाळा, हे कुठून सुचलं?" असं एकदा तरी विचारायला नको होतं का?