पावागडच्या चढावर सापडलेलं दुखणं

मामांची १९६५ सालची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, माझ्याकडे बडोद्याला आली, ती मिसिंग घेऊनच, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवायचं. उभ्या जागी इंजिन छान चालायचं. रस्त्याला लागून पन्नासच्या पुढे गेलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला, की गाडी धक्के द्यायची आणि कधी कधी बंदच पडायची. रावपुऱ्याच्या गर्दीत दोनदा ढकलत न्यावी लागली.

आधी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी प्लग, सीबी पॉइंट (उघडमीट करून ठिणगीसाठी करंट तोडणारे), कंडेन्सर, कॉइल (ठिणगीसाठी दाब वाढवणारी) सगळं बदललं. फरक काहीच पडला नाही, उलट गाडी सकाळी चालू व्हायला जास्त वेळ घेऊ लागली. घरी बॉनेट उघडून पाहिलं तर नवी कॉइल उलटी जोडलेली. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, म्हणजे कॉइलचा मायनस स्विचकडे आणि प्लस डेल्कोकडे (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जायला हवा. आजच्या सवयीने जोडलं तरी इंजिन चालतं, पण प्लगवर ठिणगी पडायला जास्त दाब लागतो. तारा अदलाबदल केल्यावर सकाळचा त्रास गेला. मिसिंग मात्र तसंच राहिलं.

खरा धागा मिळाला पावागडला. आठवड्याच्या मधल्या वारी, रस्ता मोकळा बघून निघालो. हालोलपर्यंत गाडीने जीव खाल्ला, आणि चांपानेरहून माचीचा घाट लागला तशी ती एकदम सुरळीत ओढायला लागली. चढावर, पाय दाबलेला असताना, एकही ठोका चुकला नाही! पेट्रोल कमी पडत असतं तर ती चढावरच आधी मेली असती. माचीला चहा घेताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं: चढावर असं काय बदलतं?

बदलतो तो व्हॅक्यूम. हलक्या पायाने चालवताना कार्ब्युरेटरच्या नळीतली ओढ डेल्कोच्या आतली, पॉइंट बसवलेली प्लेट फिरवते, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडते. पूर्ण पाय दाबला की ओढ संपते आणि प्लेट जागेवर परत येते. इंजिन नुसतं उभं चालतं तेव्हाही ती हलत नाही. म्हणजे दुखणं प्लेट फिरण्यात होतं.

घरी येऊन डेल्कोची टोपी काढली, पॉइंट मिटलेले राहतील असं इंजिन फिरवून ठेवलं. एक छोटा बल्ब कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडला, स्विच चालू केला. पॉइंट मिटलेले, म्हणून करंट त्यांतून सरळ बॉडीला जातो आणि बल्ब विझलेला, इथवर बरोबर. मग व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढली. प्लेट सरकली, पॉइंट डोळ्यांसमोर मिटलेलेच, आणि बल्ब लागला. प्लेटला दुसऱ्या तारेने बॉडीशी जोडताच विझला. अर्थिंग, म्हणजे प्लेटची बॉडीशी जोडणी, तुटत होतं.

प्लेटपासून डेल्कोच्या अंगाला जाणारी एक बोटभर तार असते, कापडी आवरणाची. वरून ती धडधाकट दिसत होती. दोन बोटांत धरून वाकवली तेव्हा मधेच लुळी पडली, आतले तांब्याचे केस तुटून गेले होते. प्लेट घासून कुठेतरी टेकायची तेवढ्यापुरता करंट मिळायचा. वर्षानुवर्षं प्लेटबरोबर मागेपुढे होणारी तार ही, ती आत तुटणारच, आणि बदलायची यादी करताना ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी मल्टिमीटरच्या जुन्या प्रोबची मऊ, बारीक केसांची तार घेतली. घरात वापरतो ती जाड तार इथे चालत नाही, प्लेटला अडवते. टोकं दाबून बसवली, पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच ठेवलं, टायमिंग पुन्हा बघितलं. हालोल रोडवर साठच्या वेगाने, हलक्या पायाने गेलो आणि आलो. पूर्ण वाटेत एक धक्का नाही.

रात्री मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, पॉइंटला जाणारी दुसरी तारही तेवढ्याच वयाची आहे, ती बदललीस का?" ती मी दुसऱ्या दिवशी बदलली.